भाऊबीजेनंतरची पारध

दिवाळी जवळ आली की आमच्या भाचरांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "मामा, आजोबा खरंच शिकार करायचे?" दरवेळी तोंडी सांगतो, यंदा लिहूनच काढतो.

आमचं गाव सिंधुदुर्गातलं, म्हणजे तेव्हाचं रत्नागिरीतलं. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली. साठच्या दशकात आमची दिवाळी सगळ्या कोकणात होते तशीच. पहाटे तुळशीपाशी कारीट फोडायचं, मग पाच-सहा तऱ्हेचे पोहे. ते दिवस सगळं सोवळ्यात. भाऊबीज उलटली की मात्र अण्णा (आमचे वडील) बंदूक उतरवून तेलाच्या फडक्यानं पुसायला बसत.

दिवाळीच का? तर हळवं भात तोवर कापून झालेलं असे, पण गरवं शेतात उभं. एका रात्रीत रानडुकरांचा कळप चार महिन्यांची मेहनत लोळवून जाई. म्हणून अण्णांचा परवाना शेतीसंरक्षणाचा होता. ठासणीची बंदूक, नळीत दारू, छर्रे गजानं ठासायचे, केप लावायची. एक बार चुकला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर पार व्हाळापलीकडे!

मी नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून बरोबर जात असे. हाकारे करणारे रानाच्या एका अंगानं डबे वाजवत, ओरडत यायचे, बंदूकवाले दुसऱ्या अंगाला वाटा धरून बसायचे. अण्णांच्या पाठीशी करवंदीच्या जाळीत मी. "गप रव रे, हलां नको," एवढंच ते बोलत. मुंग्या चावायच्या, पाय बधीर व्हायचा. बहुतेक वेळा काहीच मिळत नसे, हे शिकारकथा लिहिणारे सांगत नाहीत. मिळालंच तर वाटे पडत. बार मारणाऱ्याला जास्त, हाकाऱ्यांना सारखे, आणि कुत्र्यांच्या मालकाला कुत्र्यांचा म्हणून वेगळा. वाट्यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत, पण घरी नुसत्या बसलेल्या म्हाताऱ्या विधवेकडेही पानात गुंडाळून वाटा जाताना पाहिलाय.

संस्थानिकांची शिकार ही निराळी गोष्ट. आमच्या घाटाच्या वरच दाजीपूरचं रान, कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं. तिथे १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. गंमत बघा, राजाच्या शौकासाठी राखलं म्हणूनच ते रान उरलं. गावकऱ्यांनी राखलेलं असतं तर काय झालं असतं, यावर मी पैज लावणार नाही.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला काही प्राण्यांसाठी परवान्यानं शिकारीची तरतूद त्यात होती. १९९१ च्या दुरुस्तीनं तीही गेली. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरांसाठी वनखात्याची रीतसर परवानगी काढावी लागते, ती वाट तेवढी उरली. अण्णांनी कायदा आला त्याच वर्षी पारधीला जाणं सोडलं. मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. "सरकारचा पगार घेणाऱ्याच्या घरात हे नको," म्हणाले. निवडणुका आल्या की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची, एवढाच तिचा प्रवास उरला.

सोडल्याचं त्यांना दुःख होतं का? विचारलं नाही, त्या पिढीला असं विचारत नसत. पण नंतरही दिवाळीत ते रात्री शेतातल्या माळ्यावर जात, डबा घेऊन. मीही जायचो. शिकारीच्या वेळी कधी बोलले नाहीत इतकं ते त्या माळ्यावर बोलले: आजीचं, कर्जाचं, मुंबईच्या गिरणीत काढलेल्या दोन वर्षांचं.

कायदा योग्यच होता असं माझं मत. भेकर आता दिसतं, गवे तर थेट गावात येतात. माझ्या धाकट्या भावाचं मत विचाराल तर तो वेगळं सांगेल. व्हाळाकडचे दोन कुणगे त्यानं पडीक टाकलेत. गेल्या साली पेरलं तेवढं डुकरांनी नेलं. परवानगीसाठी अर्ज दिलाय. बंदूक कोणाकडे आहे, हा पुढचा प्रश्न.