किनाऱ्यावरचं कलेवर आणि त्याचं नाव

सोनिवलीत बसून समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेल्या प्राण्यांविषयी बोलायचं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण आपल्या उल्हास नदीचं पाणी कल्याणवरून वसईच्या खाडीतच जातं ना? तेव्हा समुद्र आपल्याला अगदीच परका नाही. शिवाय आमचा आजचा मूळ प्रश्न समुद्राचा नाही, ओळखण्याचा आहे. अर्धवट कुजलेलं, मोडलेलं काहीतरी समोर पडलेलं असताना ‘हे अमुक आहे’ असं आपण कशाच्या बळावर म्हणतो?

जवळच्या दोन घटना घेऊ. जून २०१५ मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फुटांचा देवमासा जिवंत अवस्थेत येऊन अडकला. त्याला वाचवण्याची धडपड झाली, पण तो गेला. जाणकारांनी तो निळा देवमासा असल्याचं सांगितलं. पुढे जानेवारी २०१६ च्या अखेरीस मुंबईत जुहूला सुमारे ३५ फुटांचा देवमासा मृतावस्थेत लागला. बघ्यांची झुंबड उडाली, फोटो निघाले, आणि शेवटी तो तिथेच वाळूत पुरला गेला. तो निघाला ब्राइड जातीचा. आता सामान्य माणसाला दोन्ही सारखेच: काळपट, प्रचंड आणि दुर्गंधी सुटलेले. मग एक निळा आणि दुसरा ब्राइड, हे ठरलं कसं?

इथे आम्हाला आमचं तर्कशास्त्र आठवतं. आम्ही आयुष्यभर वर्गात जे शिकवलं त्यात गाय फार वेळा येते. नैयायिक विचारतात, गायीचं लक्षण काय? ‘जिला शिंगं ती गाय’ म्हणावं तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. ‘जी तांबूस ती गाय’ म्हणावं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘एक खूर असलेली’ म्हणावं तर एकही गाय सापडणार नाही, हा असंभव. म्हणून लक्षण धरायचं ते सास्नेचं, म्हणजे गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीचं. विद्यार्थी हसायचे. म्हणायचे, सर, गाय ओळखायला एवढा खटाटोप? आम्ही म्हणायचो, गोठ्यातली गाय ओळखायला नाही लागत. अनोळखी जनावर समोर आलं की लागतो.

आता हेच समुद्रावर लावून बघा. ‘पाण्यात राहतो, पोहतो, पंख आहेत, तो मासा.’ या व्याख्येत देवमासाही आला, आणि आपल्या भाषेने तर त्याच्या नावातच ‘मासा’ घालून ठेवला. ही सरळ अतिव्याप्ती झाली. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच नोंदवलं होतं की देवमासा आणि डॉल्फिन फुप्फुसाने श्वास घेतात, पिलांना जन्म देतात, दूध पाजतात. तरी लिनियसने त्यांना माशांतून काढून सस्तन प्राण्यांत घातलं ते १७५८ साली. दोन हजार वर्षांहून जास्त काळ गेला! निरीक्षण हातात होतं, पण वर्गीकरण दिसण्यावरून होत राहिलं.

कलेवरावर त्याची सास्ना कोणती? शेपूट बघा. देवमाशाची आणि डॉल्फिनची, म्हणजे कोकणातल्या गाद्याची, शेपूट आडवी असते. मुशीची आणि इतर माशांची उभी. इथे पहिला निकाल लागतो. मग तोंड बघा. खालच्या जबड्यात जाड दात असलेलं चौकोनी डोकं म्हणजे स्पर्म देवमासा. दातांऐवजी झालरीसारख्या पट्ट्या असतील तर तो गाळून खाणाऱ्यांपैकी. त्यातही डोक्यावर एकच उंचवटा, रुंद चपटं डोकं आणि काळ्या पट्ट्या असतील तर निळा. डोक्यावर तीन समांतर उंचवटे असतील तर ब्राइड. आणि ओळख पटली की बाकीच्या गोष्टी बोलू लागतात. निळा देवमासा पूर्ण वाढला की ८० फुटांच्या आसपास जातो. म्हणजे रेवदंड्याचा ४२ फुटी राक्षस खरं तर अजून लहान होता.

पण ही झाली ताज्या कलेवराची गोष्ट. कुजलेल्याचं काय? त्यासाठी स्कॉटलंडच्या उत्तरेला जाऊ. सप्टेंबर १८०८ मध्ये ऑर्कनी बेटांपैकी स्ट्रॉन्से इथे एक कलेवर लागलं. लोकांनी मोजलं: लांबी ५५ फूट, लांब मान, लहान डोकं, पाठीवर आयाळीसारखे केस आणि सहा पाय! साक्षीदारांनी शपथेवर जबान्या दिल्या. एडिंबरोच्या विद्वानांनी त्याला समुद्रसर्प मानून लॅटिन नावही दिलं. पण लंडनमध्ये एव्हरार्ड होम यांनी त्याचे मणके बास्किंग शार्क या मोठ्या मुशीच्या मणक्यांशी ताडून पाहिले, आणि ते जुळले.

मग ते साक्षीदार खोटारडे होते का? मुळीच नाही, आणि आमच्या मते इथेच खरी गंमत आहे. ही मुशी कुजताना जबडे आणि कल्ल्यांचा भाग आधी गळून पडतो. उरते लहान कवटी आणि पाठीचा कणा. ती झाली ‘लांब मान’. पंखांचे तंतू सुटे होतात, ती ‘आयाळ’. पंखांच्या दोन जोड्या आणि नराची दोन जननांगं मिळून सहा ‘पाय’. मोजमापात चूक झाली असावी हे खरं, पण बाकी त्यांनी जे पाहिलं ते तिथे होतं. प्रत्यक्ष बरोबर होतं, अनुमान चुकलं. ‘लांबट काहीतरी दिसतं’ हे पाहणं, आणि ‘मान दिसते’ हे अनुमान. आपण बोलताना या दोन्हींची सरमिसळ करतो, आणि ती झाल्याचं आपल्याला कळतही नाही.

विद्वानांचंही असंच होतं बरं का. १८९६ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या सेंट ऑगस्टिन किनाऱ्यावर पांढुरका, चिवट, प्रचंड गोळा सापडला. येल विद्यापीठाचे व्हेरिल या नामवंत प्राणिशास्त्रज्ञांनी तो स्वतः न पाहता, पत्रं आणि छायाचित्रांवरून महाकाय ऑक्टोपस म्हणून जाहीर केला, नावही ठेवलं. नमुना हाती आल्यावर मात्र त्यांनी १८९७ मध्ये मत मागे घेतलं आणि तो देवमाशाचा भाग असल्याचं म्हटलं. मागे घेतलं म्हणून वाद संपला असं नाही. ऑक्टोपसवाले विसाव्या शतकातही उठलेच. शेवटी १९९५ आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासण्यांनी तो देवमाशाच्या कातडीखालचा चिवट थर असल्याचं दाखवलं. शंभर वर्षांनी निकाल का लागू शकला? कारण एक तुकडा बरणीत जपून ठेवला होता.

आता परत जुहूला येऊ. ब्राइड देवमाशाचं शास्त्रीय नाव आहे बॅलिनॉप्टेरा एडेनी. हे नाव आपल्या बाजूचं आहे. १८७१ मध्ये ब्रह्मदेशातल्या सितांग नदीच्या मुखाजवळच्या एका खाडीत देवमासा अडकून मेला. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेला आणि तिथल्या जॉन अँडरसन यांनी तिथले प्रशासक ॲश्ले ईडन यांच्यावरून हे नाव दिलं. ‘ब्राइड’ हे नाव नंतरचं, दक्षिण आफ्रिकेत देवमाशांच्या शिकारीचा धंदा करणाऱ्या एका नॉर्वेजियन गृहस्थाचं. पुढे २००३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की लहान ब्राइड समजले जाणारे काही देवमासे वेगळ्याच जातीचे आहेत. ती जात ओमुराची. ब्राइडची एक जात मानायची की दोन, हा वादही चालला. असे वाद सोडवताना अभ्यासकांना मूळ सांगाड्याकडे परत जावं लागतं. तो असतो म्हणून जाता येतं.

आमच्या मते या इतिहासाचं सार एवढंच. नाव चुकण्यात लाज नाही. सगळ्यांचं चुकलं. पण पुरावा उरला तर चूक दुरुस्त होते. पुरावाच गेला तर चूक कायमची होते. मोठं कलेवर पुरावंच लागतं, आरोग्याचा प्रश्न असतो, ते मान्य. पण पुरण्याआधी मोजमाप, डोक्याचे आणि शेपटीचे नीट फोटो, कातडीचा एक तुकडा, एवढं ठेवायला काय जातं?

एक श्रोते विचारतात, ‘सर, सापडलं तर आपण काय करायचं?’ हात लावायचा नाही, काही उचलायचं नाही. देवमासे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ‘देवमाशाची उलटी’ म्हणजे अंबरग्रीस विकायला निघालेले लोक आपल्या ठाणे-रायगडात पकडले गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. बऱ्याचदा तो गोळा मेणाचा किंवा तेलाचाच निघतो, हा भाग वेगळा. तेव्हा वन विभागाला, कांदळवन कक्षाला कळवायचं. शेजारी काठी किंवा चप्पल ठेवून फोटो काढायचा, म्हणजे आकार कळतो. आणि फोन करताना ‘राक्षस सापडलाय’ म्हणू नका. ‘शेपूट आडवी आहे, तोंडात दात नाहीत, डोक्यावर तीन रेघा आहेत’ असं सांगा. जे पाहिलं तेवढंच सांगा. नाव ठेवणारे ठेवतील, आणि चुकलं तर तुमच्या सांगण्यावरूनच ते दुरुस्त होईल.