गाठोडे, सुई आणि कणकेचा गोळा

मराठी घरातील जुन्या वस्तूंची मोजदाद करताना अडकित्ते, समया, पानाचे डबे आणि फण्या आठवतात. माळ्यावरचे किंवा लाकडी पेटीच्या तळाशी ठेवलेले कापडांचे गाठोडे सहसा कोणाला आठवत नाही. विटलेल्या लुगड्यात बांधलेल्या या गाठोड्यात धोतरांचे अर्धे तुकडे, चोळीच्या खणातून उरलेल्या पट्ट्या, फाटक्या सदऱ्यांच्या पाठी, लुगड्यांचे काठ आणि क्वचित जरीचा एखादा पदर असे. घरातील बाईला त्यातील प्रत्येक तुकडा कोठून आला हे ठाऊक असे, आणि तिच्या पाठीवर किंवा मांडीवर असलेल्या पोराचे पहिले खेळणे बहुधा हेच गाठोडे असे. मराठी गृहजीवनाचा हा भाग लिखित इतिहासात अभावानेच येतो. त्याचा माग काढायचा तर शब्दांकडे, आत्मचरित्रांकडे आणि हातांच्या सवयींकडे वळावे लागते.

शब्दांची साक्ष पहिली. गोधडी, वाकळ, चिंधी, ठिगळ, धांदोटी, लक्तर, पटकूर, बोळा, पोतेरे: कापडाच्या उतरत्या वयाच्या प्रत्येक पायरीला मराठीने स्वतंत्र नाव दिले आहे. नव्या कापडाची नावे बाजारातून येतात, जुन्याची घरात तयार होतात. तान्ह्या मुलाच्या वस्त्रांचेही तसेच: अंगडे, टोपडे, झबले, कुंची, दुपटे, लंगोट. यातील बहुतेक वस्त्रे पूर्वी शिंप्याकडे जात नसत. आजीच्या लुगड्याचे किंवा आजोबांच्या धोतराचे, अनेक धुण्यांनी मऊ झालेले कापड त्यासाठी राखून ठेवलेले असे. जन्मलेल्या मुलाला प्रथम जुने कापड लपेटावे, नवे नको, असा संकेत अनेक घरांत होता. त्यामागे दृष्ट लागण्याची भीती होती, तसा खळ न गेलेल्या कापडाचा कोवळ्या कातडीला होणारा काच टाळण्याचा व्यवहारही होता. शहाणपण आणि समजूत यांची अशी एकत्र शिवण गृहजीवनात जागोजाग आढळते. तिचे टाके उसवून पाहण्याचा उत्साह अभ्यासकाने बेतानेच दाखवावा.

या संस्कृतीत सुया दोन होत्या. एक शिंप्याची, दुसरी घरची. शिंप्याच्या सुईला व्यवसायाची, जातीची आणि संतपरंपरेचीही प्रतिष्ठा मिळाली. संत नामदेव (१२७०–१३५०) हे शिंपी कुळातले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे समाविष्ट आहेत, आणि त्यांत मापाचा गज, कातर, सुई ही धंद्याची साधने नामस्मरणाची रूपके होऊन येतात. घरच्या सुईला असा संत लाभला नाही. ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, काळ्या पोतीत किंवा पदराच्या टोकाला टोचलेली राहिली. शिंपी नवे कापड कापतो, घरची बाई जुने जोडते, या एका भेदात दोन्ही कामांच्या मोलातील अंतर सामावलेले आहे. कापण्याला मजुरी मिळाली. जोडण्याला काटकसर हे नाव मिळाले.

गोधडीचे काम पाहिले की ही काटकसर किती बुद्धीची होती हे कळते. दिवस उन्हाळ्याचे, सुगी आटोपलेली, पाऊस अजून दूर. ओसरीवर किंवा देवळाच्या सावलीत एक लुगडे पसरायचे, त्याच्या कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, वर जुन्या कापडांचे थर सुरकुती न पडू देता अंथरायचे, शेवटी दुसरे लुगडे. मग कडेकडेने धावदोरा घालीत आत आत यायचे. टाके सरळ रेषेत जात, तरी प्रत्येक बाईचा हात वेगळा ओळखू येई: कोणाचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, कोणाचा ज्वारीच्या. दोघीतिघी समोरासमोर बसल्या की काम लवकर उरके, आणि त्या वेळात गावातील निम्म्या गोष्टींचा निकाल लागे. रांगते किंवा नुकते चालू लागलेले मूल हमखास गोधडीच्या मध्यभागी येऊन बसे. त्याला उचलून बाजूला ठेवले तरी ते परत येई. अखेर त्याला तेथेच बसवून भोवतीने टाके घातले जात. मूल म्हणजे कापड सरकू न देणारे एक वजनच, असा विनोद या कामाबरोबर चालत आला आहे. मुलाच्या हाती एखादी रंगीत चिंधी दिलेली असे, आणि थोड्या वेळाने ती चिंधी त्याच्या हातून सोडवून घेऊन थरांत घालावी लागे.

भारतात इतरत्र या कामाने चित्ररूप घेतले. बंगालच्या कांथेवर हत्ती, पालख्या, कमळे आली; बिहारची सुजनी नवजात बाळासाठी जुन्या साड्यांतून शिवली जाई; उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांच्या कवंदीत ठळक रंगांच्या तुकड्यांची मांडणी असते, आणि चारही कोपऱ्यांवर कापडाची लहान फुले शिवल्याखेरीज ती पुरी झाली असे मानीत नाहीत. जसीमउद्दीन यांच्या १९२९ सालच्या ‘नक्शी कांथार माठ’ या काव्याने कांथेला बंगाली साहित्यात अढळ जागा दिली. मराठी गोधडी त्या मानाने अबोल. तिच्यावर आकृती नाही, लेख नाही. आहे ती फक्त ओळख: हा तुकडा आत्याच्या लग्नातला, हा थोरल्याच्या मुंजीतला. तो मजकूर सांगणारी बाई गेली की गोधडी निरक्षर होते.

मराठी ललित वाङ्मयाला कापडाचे भावमूल्य ठाऊक नव्हते असे नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’मध्ये आई भाऊबीजेच्या ओवाळणीतून वडिलांसाठी धोतर आणवते, आणि श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून आणतो. दोन्ही प्रसंगी प्रेमाचे माप कापड हेच आहे. मात्र दोन्ही वस्तू बाजारातल्या. आईने स्वतः रोज घातलेल्या टाक्यांपेक्षा बाजारातून मोठ्या कष्टाने आणलेले वस्त्र कथेला अधिक मानवते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. रोजचे काम प्रसंग होत नाही, आणि प्रसंग नसला की कथनकाराची नजर त्यावर ठरत नाही.

घरच्या सुईचे भाग्य यंत्राने पालटले. आयझॅक सिंगरने अमेरिकेत १८५१ मध्ये शिलाई यंत्राचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात नसरवानजी मेरवानजी पटेल या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी सिंगर कंपनीचा हिंदुस्थानातील व्यवसाय उभा केला. हप्त्याने यंत्र घेण्याची सोय झाल्यावर ते प्रथम शिंप्याच्या दुकानात आणि मग मध्यमवर्गीय माजघरात शिरले. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्र बनविण्यास आरंभ केला. स्वातंत्र्यानंतर ते मुलीच्या लग्नातील आहेराची वस्तू झाले. यंत्रविरोधी म्हणून प्रसिद्ध असलेल्या गांधीजींनी १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’तील एका संवादात शिलाई यंत्राला मात्र अपवाद केला, आणि बायकोचे कंटाळवाणे शिवणकाम पाहून सिंगरला ते सुचले अशी हकीकत सांगितली. प्रत्यक्षात सिंगरचा संसार एका बायकोत मावणारा नव्हता. निरनिराळ्या स्त्रियांपासून त्याला वीसहून अधिक अपत्ये होती. गांधीजींची हकीकत चरित्र म्हणून टिकत नाही. तरी घरात बसून कोणीतरी अखंड शिवत आहे आणि तिचे श्रम कमी व्हावेत, या गोष्टीची दखल त्या काळच्या थोर पुरुषांपैकी किती जणांनी घेतली, असा प्रश्न ती उभा करतेच.

सुधारणेच्या चळवळीने ही दखल वेगळ्या वाटेने घेतली. पंडिता रमाबाईंचे शारदासदन मुंबईत १८८९ मध्ये निघाले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यास अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. पुण्याच्या सेवासदनाचे काम १९०९ पासून रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. अशा संस्थांच्या प्रभावळीत शिवण हे लिहिण्यावाचण्याच्या जोडीला येऊन बसले. विधवेला चार पैसे मिळवून देणारी कला म्हणून तिची योजना होती, आणि पुष्कळ जणींना तिने खरोखर आधार दिला. परंतु यामुळे एक चमत्कारिक विभागणी झाली. नवरा नसलेल्या बाईचे शिवण उपजीविका ठरले, नवरा असलेल्या बाईचे तेच शिवण आवड ठरले. दुसरीने वर्षभरात वाचविलेल्या शिलाईचा हिशेब कोणी मांडला नाही. आवडीला मजुरी नसते, एवढ्यावर तो विषय मिटला.

यंत्रामुळे गाठोड्याचे रूपही बदलले. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, आणि पुढील शंभर वर्षांत गिरणीचे कापड मराठी घरात इतके रुळले की लुगड्याच्या तुकड्यांबरोबर पॉपलीन, वायल, मांजरपाट आणि छापील सुती कापड गाठोड्यात दिसू लागले. कटपीसची दुकाने निघाली. वजनावर किंवा वारावर मिळणारे उरलेसुरले तुकडे घ्यायचे, परकराला पुरते की नुसत्या झबल्याला याचा डोळ्यांनी अंदाज घ्यायचा, आणि तूर्त उपयोग नसला तरी घेऊन ठेवायचे, हा या खरेदीचा रिवाज. ‘कधीतरी लागेल’ हे त्याचे ब्रीद. गरजेचा साठा आणि हौसेचा संग्रह यांच्यातील सीमा येथे पुसट होते. दारावर येणारी बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देई, आणि तिच्याशी घासाघीस चालू असताना एखादे मऊ धोतर हळूच बाजूला सरकवले जाई. पातेल्यापेक्षा त्याचे दुपटे अधिक मोलाचे, हे तिला आणि गृहिणीला दोघींनाही ठाऊक असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरणगावाचे जे झाले ते सर्वविदित आहे. तोवर कृत्रिम धाग्याचे कापड आणि तयार कपडे घरोघर पोहोचले होते. टेरिकॉटची गोधडी ऊब देत नाही, घाम टिपत नाही. जुने होऊन मऊ पडण्याचा गुणच त्या कापडात नाही.

शिवण आणि स्वयंपाक ही दोन कामे लहान मुलाच्या दृष्टीने एकच होती. आई बसून काहीतरी करते आहे आणि तिच्या हातातली वस्तू आपल्याला हवी आहे, एवढेच त्याला कळे. सुई देता येत नाही, कणीक देता येते. म्हणून पोळ्या लाटताना मुलाच्या हाती कणकेचा लहान गोळा ठेवण्याची चाल पडली. तो गोळा चिमणी होई, साप होई, शेवटी राखाडी रंगाची वेडीवाकडी पोळी होई, आणि ती तव्याच्या कडेला खरोखर भाजून मुलालाच वाढली जाई. दिव्यांच्या अवसेला कणकेचे दिवे, पोळ्याला मातीचे वा कणकेचे बैल: मुलाच्या हातांना सणांनीही काम नेमून दिले होते.

भट्टीत भाजण्याची कला मात्र मराठी हिंदू घरात उशिरा आली, आणि तिच्या वाटेत धर्म आडवा होता. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांच्या निमित्ताने लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेक प्रतिष्ठित एकत्र आले, त्यांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली, आणि प्रकरण शंकराचार्यांच्या दरबारापर्यंत जाऊन प्रायश्चित्तावर आले. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या ग्रंथात या प्रकरणाचा घरात उमटलेला ताप वाचायला मिळतो. ज्या बिस्किटाने पुणे ढवळले, तेच दोन पिढ्यांनंतर सुट्टीत घरी करून पाहण्याचा पदार्थ झाले. गोव्यात भट्टीची परंपरा पोर्तुगीज काळापासून होती. तेथे पाव पोदेराच्या भट्टीतून येई आणि बेबिंक घरी वरून निखारे ठेवून थराथराने भाजले जाई. गोधडीप्रमाणे तेही थरांचे काम, आणि तितकेच सबुरीचे.

महाराष्ट्रातील शहरांत यावर एक खास तोड निघाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीपूर्वी मैदा, पिठीसाखर आणि तूप (पुढे डालडा) घेऊन बायका बेकरीत जात. बेकरीवाला भाजण्याची मजुरी घेई, आणि नानकटाईचे पत्रे भट्टीत जात. मुले बरोबर असत; डबे धरून बसण्याचे काम त्यांचे. घरी भाजायचे तर पातेल्यात वाळू तापवून आत डबा ठेवायचा, झाकणावर निखारे टाकायचे. पुढे काचेच्या झरोक्याचा गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला, आणि त्या झरोक्याशी नाक लावून केक फुगताना पाहणे हा कितीएक मुलांचा पहिला वैज्ञानिक प्रयोग ठरला.

अलीकडे गोधडी प्रदर्शनात मांडली जाते, तिला पुरस्कर्ते मिळतात, गिऱ्हाइके मिळतात, आणि शहरातील तरुण आईबाप घरी मूल सांभाळीत शिवणयंत्रावर बसल्याचे, त्याच्यासह केक भाजल्याचे कौतुकाने सांगतात. त्यांत वडीलही आहेत, ही नवी आणि स्वागतार्ह गोष्ट. मात्र त्यांचे कापड विकत आणलेले आणि नवे असते. वापरून मऊ झालेल्या कापडाचा साठा त्यांच्या घरात नाही. जुन्या गोधड्या संग्रहालयांना फारशा मिळत नाहीत, याचे कारण उदासीनता एवढेच नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, अल्पवयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने गृहजीवनातील हजारो वस्तू जमविल्या. पण अडकित्ता वापरून संपत नाही, गोधडी संपते. ती विरली की फेकत नाहीत. तिच्या वर आणि खाली नवी लुगडी घालून तिला नव्या गोधडीच्या पोटात घेतात, आणि कडेकडेने पुन्हा धावदोरा सुरू होतो. क्वचित एखादी जड वाकळ उसवली, तर आत दुसरी सापडते, आणि तिच्या आत, रंग ओळखू न येणारी, तिसरी.