बहात्तर भोकांची कार्बाइन

कानपूरच्या पोस्टिंगमध्ये सायलेन्सरवाली कार्बाइन २ए१ हातात आली. तिथल्याच स्मॉल आर्म्स फॅक्टरीची, ब्रिटिश स्टर्लिंगच्या घराण्यातली.

"उस्ताद, आवाज अजिबातच येत नाही?" एका जवानाने विचारलं.

येतो की! सायलेन्सर नळीच्या तोंडाशी वायूंचा भडका अडवतो. पण ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी गोळी वाटेत हवेत कडाडते, त्याला सायलेन्सर काय करणार?

दुसऱ्या महायुद्धात डी लिल यांनी दुखणं मुळातूनच टाळलं. ली-एनफिल्ड रायफलच्या बोल्टला .४५ची जड, मुळातच संथ गोळी जोडली. बोल्ट आपोआप हलत नाही, म्हणून खडखडाटही नाही. पुढची गोळी मात्र हाताने भरायची.

स्टर्लिंगवाल्यांनी एल३४ए१मध्ये नेहमीचीच ९ मिमी गोळी ठेवली आणि नळीला ७२ भोकं पाडली. वायू बाजूला निसटतो, गोळी मंदावते. वेगळा दारूगोळा वाहायला नको, हे कोत सांभाळणाऱ्याला पटेल. पण गोळीचा जोर घटतो आणि पुढे आदळणाऱ्या बोल्टचा आवाज उरतोच. शांत रात्री तोही लांब जातो.

मला निवडायला सांगाल, तर पहारेकरी एकच असेल तिथे मी डी लिल नेईन. दोन असतील तर स्टर्लिंग.