मरणाच्या कारणाचा रकाना

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

२०२३ सालच्या अखेरीस महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत एकाएकी वर्दळ वाढली. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली होती आणि वर्षानुवर्षं बांधून ठेवलेली दप्तरं सोडली जात होती. त्यांत एक वही पुन्हा पुन्हा हाती येई. गाव नमुना चौदा, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. बऱ्याचशा वह्या मोडीत लिहिलेल्या, त्यामुळे मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. सगळे वाचत होते तो जातीचा रकाना. मृत्यूच्या नोंदींत आणखीही एक रकाना असतो. माणूस कशाने मेला, याचा. तो कोणी वाचत नव्हतं. त्यात गैरही काही नाही, त्या कामाला त्याचा उपयोग नव्हता. पण आज मला बोलायचं आहे ते त्या रकान्याविषयी.

आपल्या देशातली माणसं कशाने मरत आली, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कारण मरणारा सांगायला उरत नाही आणि लिहिणारा बहुधा वैद्य नसतो. इंग्रजी अमलात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव मृत्यूची नोंद सुरू झाली, तेव्हा ती करण्याचं काम बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानात चौकीदाराकडे आलं आणि आपल्याकडे पाटील, कुलकर्णी, कोतवाल या मंडळींकडे. सरकारने त्यांना कारणांची मोजकी खानी आखून दिली होती: पटकी, देवी, ताप, हगवण-आमांश, श्वासाचे विकार, इजा, आणि बाकी सगळं. पुढे त्यात प्लेगची भर पडली. या खान्यांत वर्षानुवर्षं एकच खानं भरून वाहत असे, ते तापाचं. देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू 'ताप' या एका शब्दाखाली गेले आहेत.

या कोतवालाला किंवा पाटलाला कोणी हसू नये. देवीचे फोड त्याला ओळखू येत. सकाळी धडधाकट असलेला माणूस उलट्या-जुलाबाने संध्याकाळी गेला, तर ती पटकी, हेही त्याला कळे. पण हिवताप, विषमज्वर, क्षय, न्युमोनिया, बाळंतरोग या सगळ्यांत शेवटी अंग तापतं. ते उतरलं नाही आणि माणूस गेला. मग दुसरं काय लिहायचं? हिवताप डासांमुळे पसरतो, हे शोधण्याच्या वाटेवरचा निर्णायक पुरावा रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत मिळाला तो १८९७च्या ऑगस्टमध्ये. त्याआधी कित्येक वर्षं गावचा माणूस ही वही भरत होता.

एक खानं मात्र मुद्दाम पाहण्यासारखं आहे, कारण ते नव्हतंच. भुकेचं खानं. १८७६ ते ७८च्या दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसं गेली असा अंदाज आहे. पुन्हा १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. या वर्षांचे मृत्यूंचे तक्ते पाहिले तर माणसं पटकीने, हगवणीने आणि तापाने मेलेली दिसतात. ते खोटं होतं असंही म्हणता येत नाही. उपाशी माणूस साधारणपणे भुकेनेच मरत नाही; भुकेने पोखरलेल्या शरीरात पहिला येईल तो रोग त्याला नेतो. सडलेलं धान्य, कंदमुळं आणि डबक्यातलं पाणी यांनी हगवण लागते. शिवाय दुष्काळातले बरेच मृत्यू अवर्षणात न होता पाऊस परतल्यावर झाले. पाणी साचलं, डास वाढले आणि वर्षभर अर्धपोटी राहिलेल्या माणसांवर हिवताप कोसळला. म्हणजे शेतं हिरवी होत असताना गावं रिकामी होत होती. नोंदवहीने यातला शेवटचा घाव तेवढा टिपला. धान्याचे भाव, मदतकामांवरची तुटपुंजी मजुरी, सारावसुली यांना त्या रकान्यात जागा नव्हती.

प्लेगची गोष्ट उलटी आहे. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि मृत्यूचं कारण हा एकाएकी सरकारी बंदोबस्ताचा विषय झाला. कारण लिहिलं की घर झाडणार, सामान जाळणार, घरच्यांना छावणीत नेणार. पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरात शिरून झडत्या घेतल्या, त्याचा शेवट १८९७च्या जूनमध्ये रँडच्या खुनात झाला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्याच साली मार्चमध्ये रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. पण नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचं ते हे, की लोक मरण लपवू लागले. जो रकाना इतके दिवस अज्ञानामुळे चुकत होता, तो आता भीतीने चुकू लागला. तरीही पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत देशभरात प्लेगने घेतलेल्या बळींची संख्या एक कोटीच्या वर जाते.

माझी आजी जुन्या गोष्टी सांगताना साल कधी सांगत नसे. 'मानमोडीच्या आधी' आणि 'मानमोडीनंतर' अशी तिची कालगणना. १९१८ साली युद्धाच्या जहाजांबरोबर मुंबई बंदरात आलेल्या इन्फ्लुएन्झाला आपल्या लोकांनी दिलेलं हे नाव. जूनमधली पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी भयानक निघाली, आणि तिने म्हाताऱ्यांपेक्षा विशी-तिशीतली माणसं उचलली. त्या वर्षी पाऊसही फसला होता. पण सरकारी वहीत इन्फ्लुएन्झाचं खानं नव्हतंच. हे मृत्यूही मुख्यतः तापाच्या खान्यात जमा झाले. मग संशोधकांनी हिशेब कसा केला? दरवर्षी तापाने साधारण किती मरतात ते पाहिलं, १९१८ साली किती मेले ते पाहिलं, आणि वजाबाकी केली. पहिला सरकारी अंदाज साठ लाखांचा होता. १९२१ची खानेसुमारी झाल्यावर तो सव्वा कोटीच्या घरात गेला आणि नंतरच्या अभ्यासकांपैकी काहींनी तो दोन कोटींपर्यंत नेला. आपल्या जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटली असं दशक एकच, १९११ ते १९२१. इतकी मोठी घटना, आणि मूळ वहीत तिची खूण म्हणजे एकाखाली एक पडलेले 'ताप, ताप, ताप'.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. हिवतापाने दरवर्षी सुमारे आठ लाख माणसं मरत असा त्या वेळचा अंदाज आहे. १९५३ पासून डीडीटीची फवारणी सुरू झाली. भिंतींवर पांढरे डाग पाडून जाणारी ती माणसं जुन्या पिढीला आठवत असतील. साठच्या दशकात हिवतापाचे रुग्ण लाखाच्या आसपास आले; आपण जिंकलो असं वाटून हात सैल पडला आणि १९७६ साली रुग्णांची संख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. देवीच्या बाबतीत मात्र हात सैल पडू दिला नाही. देशातला शेवटचा रुग्ण १९७५च्या मे महिन्यात सापडला. छापील तक्त्यातलं एक खानं कायमचं रिकामं झालं, असं इतिहासात फार क्वचित घडतं.

१९६९ साली जन्म-मृत्यू नोंदणीचा नवा कायदा आला. मृत्यू ठरावीक मुदतीत नोंदवायचा, आणि डॉक्टरचे उपचार चालू असतील तर त्याने कारण लिहून द्यायचं. कागदावर सगळं ठीक होतं. पण बहुसंख्य माणसं घरीच मरत होती. ग्रामीण भागासाठी मग कारणांची वेगळी पाहणी सुरू झाली. आरोग्य केंद्राचा कर्मचारी घरी जाऊन विचारून येई. त्या पाहणीत वर्षानुवर्षं अव्वल ठरलेलं कारण कोणतं, सांगा पाहू? म्हातारपण. 'वय झालं होतं हो' हे घरच्यांचं वाक्य जसंच्या तसं राष्ट्रीय आकडेवारीत जाऊन बसलं. आपल्या वृत्तपत्रांच्या निधनवार्तांतही 'अल्पशा आजाराने' असं छापून येतं, त्याच जातीचं हे उत्तर. आणि शहरातला डॉक्टर घाईत लिहितो 'हृदयक्रिया बंद पडून'. जगात आजवर जो जो मेला त्याची हृदयक्रिया बंद पडलीच होती. ते कारण नव्हे, ती मरणाची खूण आहे.

घरच्यांनाच विचारायचं, पण नीट विचारायचं, ही पद्धत पंजाबातल्या नारंगवालसारख्या ठिकाणी साठ-सत्तरच्या दशकांत घडत गेली. तिला तोंडी शवविच्छेदन असं नाव पडलं. ताप किती दिवस होता? थंडी वाजत होती का? श्वास घेताना छाती आत ओढली जात होती का? शेवटचा प्रश्न आपल्याला गडचिरोलीमुळे ओळखीचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या गावांत बालमृत्यू घरोघर मोजले, तेव्हा न्युमोनिया हा मोठा मारेकरी निघाला. गावातल्याच लोकांना तो ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवलं, आणि मुलं वाचू लागली. पुढे २००१ साली 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवलं, की महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक आहेत. विधानसभेत गदारोळ होतो तो अशा वेळी. एरवी रकान्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

या पद्धतीचा सर्वांत मोठा वापर एकविसाव्या शतकाच्या आरंभी झाला. भारताचे महानिबंधक आणि टोरोंटोचे डॉ. प्रभात झा यांच्या पुढाकाराने सुमारे दहा लाख मृत्यूंची चौकशी हाती घेतली गेली. घरच्यांनी सांगितलेली हकिकत, शक्यतो त्यांच्याच भाषेत, दोन डॉक्टर स्वतंत्रपणे वाचत आणि कारण ठरवत. यातून जे बाहेर आलं त्याने भल्याभल्यांचे आकडे हलले. एचआयव्हीचे मृत्यू समजले जात होते त्यापेक्षा कमी निघाले. हिवतापाचे, जागतिक आरोग्य संघटना पंधरा हजारांच्या आसपास म्हणत होती, ते दोन लाखांच्या वर निघाले. त्यावर मोठा वाद झाला. आक्षेप घेणारे म्हणाले, घरच्यांनी सांगितलेला ताप हिवतापाचाच कशावरून? कोतवालाचाच प्रश्न शंभर वर्षांनी वैद्यकीय नियतकालिकांत येऊन उभा राहिला.

सर्पदंशाबाबत मात्र वादाला जागा नव्हती. साप चावलेला घरच्यांना सांगता येतो. सरकारी दवाखान्यांच्या नोंदीत वर्षाला दीड हजाराच्या आतबाहेर मृत्यू होते; या अभ्यासात ते सेहेचाळीस हजार भरले. चारातले तीन दवाखान्याबाहेर झालेले. पावसाळ्यात, शेतात, किंवा रात्री जमिनीवर झोपलेले असताना. दवाखान्यात न पोचलेला माणूस दवाखान्याच्या नोंदीत येणार कसा? आणि नोंदीत नसलेल्या मरणासाठी तालुक्याला लस पाठवणार कोण? महाराष्ट्रात अपघाताने मेलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून दोन लाख रुपये मिळतात, त्यात सर्पदंश धरला आहे. पण कारण कागदावर लागतं. 'ताप' किंवा 'अचानक' लिहिलं गेलं तर त्या घराचे दोन लाख गेले. २०२४च्या अखेरीस केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. इतका उशीर त्या सेहेचाळीस हजारांना परवडला नाही.

कोविडच्या वेळी हीच गोष्ट सगळ्या देशाने पाहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना पन्नास हजार रुपये जाहीर झाले आणि महाराष्ट्र, गुजरात अशा राज्यांत अधिकृत मृत्यूंपेक्षा अर्जच अधिक आले. २०१९ साली देशात सुमारे शहात्तर लाख मृत्यू नोंदले गेले होते, २०२१ साली एक कोटी दोन लाख. नोंदणी सुधारली हे त्यातलं एक कारण आहे. पण तेवढं एकच कारण पुरेल असं मला वाटत नाही. हीही अखेर १९१८ सारखी वजाबाकीच.

मग आज भारतात माणसं मरतात कशाने? महानिबंधकांच्या २०२१ ते २०२३च्या अहवालाप्रमाणे शंभरातले जवळजवळ एकतीस हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी. त्याखालोखाल श्वसनमार्गाचे संसर्ग, मग कर्करोग, मग दम्यासारखे जुनाट श्वसनविकार. पंधरा ते एकोणतीस या वयात पहिलं कारण आत्महत्या आणि तत्सम हेतुपुरस्सर इजा हे आहे. त्या ओळीवर डोळे थांबतात. हृदयविकार पहिल्या क्रमांकावर आला याचं निम्मं कारण दुःखाचं नाही. आयुर्मान सत्तरीच्या आसपास गेलं, देवी गेली, पटकी हटली, म्हणून माणूस हृदयविकाराच्या वयापर्यंत पोचू लागला. उरलेलं निम्मं दुःखाचं आहे: बिडी-सिगारेट, न तपासलेला रक्तदाब, आणि साठीच्या आतच जाणारी कमावती माणसं.

डॉक्टरच्या सहीने कारण लिहिलेले मृत्यू २०२० साली देशात शंभरात बावीस-तेवीस होते. गोव्यात ते प्रमाण पुरं शंभर होतं, बिहारात पाचसुद्धा नाही. २०२३च्या दुरुस्तीने डॉक्टरच्या त्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणं आता बंधनकारक झालं आहे. तोवर बाप कशाने गेला हे सरकारला लिहून मिळे, मुलाला नाही.

आणि त्याच अहवालात, थोडं खाली, आणखी एक ओळ आहे. कारण न समजलेला ताप: शंभरात जवळजवळ पाच.