रेसची गाडी आणि घरची गाडी

जुन्या रेसिंग कारचा फोटो दिसला की पुढचा अर्धा तास माझा नाही! लांबलचक बॉनेट, तारांची चाकं, उघड्यावर बसलेला ड्रायव्हर. मग आपली ऑफिस-भाजी-शाळा करणारी हॅचबॅक अगदीच केविलवाणी वाटू लागते. पण खरंच ती तितकी बिचारी आहे का? जरा हिशेब मांडून बघू.

समोर ठेवू १९१२ ची प्यूजो एल ७६. ७.६ लिटरचं इंजिन, सुमारे १४८ हॉर्सपॉवर. फ्रान्समध्ये दिएप इथे झालेली त्या वर्षीची ग्रां प्री जॉर्ज ब्वालोने हीच गाडी चालवून जिंकली. दोन दिवसांत १५४० किलोमीटर, सरासरी वेग ताशी ११०! दुसरा आला लुई वाग्नर, त्याच्या फियाटचं इंजिन तब्बल १४ लिटरचं. म्हणजे जवळजवळ अर्ध्या इंजिनाने दुप्पट इंजिनाला हरवलं.

कसं? प्यूजोच्या प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते आणि ते उघडायला डोक्यावर दोन कॅमशाफ्ट. इंजिनाचा श्वास मोकळा झाला. आता माझ्या १२०० सीसीच्या गाडीचं माहितीपत्रक काढा. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट. तीच मांडणी! फक्त प्यूजो एका लिटरमागे जेमतेम २० हॉर्सपॉवर काढायची, माझी गाडी सत्तरच्या आसपास काढते, तेही कुरकुर न करता. म्हणजे इंजिनापुरती माझी हॅचबॅक त्या रेसगाडीची पणतीच म्हणायची.

पण हिशेब इथे संपत नाही. त्या प्यूजोच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. प्यूजोने रेसगाडीला चारही चाकांचे ब्रेक दिले ते १९१४ साली. ड्रायव्हरशेजारी मेकॅनिक बसायचा, दोघांनाही पट्टा नाही. १९१२ च्या त्याच शर्यतीत एका दुसऱ्या गाडीचा मेकॅनिक मेला. ब्वालोचा सहकारी झुकारेली १९१३ मध्ये रस्त्यावर गाडीची चाचणी घेताना घोडागाडीवर आदळून गेला, सोबत त्याचा मेकॅनिकही. रेसवाल्यांच्या लेखी मरण हा धंद्याचाच भाग होता.

माझ्या गाडीत मला वाचवणाऱ्या ज्या गोष्टी आहेत, त्यातल्या बऱ्याचशा शर्यतीतून आल्याच नाहीत. तीन टोकांचा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वोच्या नील्स बोलिनने बनवला. त्याआधी तो लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करायचा. व्होल्वोने पेटंट सगळ्यांना खुलं केलं. ब्रेक लागताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणाही आधी विमानांत रुळली, मग गाड्यांत. भारतात नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं २०१९ मध्ये. प्यूजोनंतर एकशे सात वर्षांनी!

वेग शंभर वर्षांपूर्वीच आपल्या हाती आला होता. जीव वाचवायची अक्कल मात्र फार सावकाश आली, आणि ती आली साध्या, घरगुती माणसांना डोळ्यांसमोर ठेवून. म्हणून मला आता माझी गाडी बिचारी वाटत नाही. बिचारे वाटतात ते, जे मागच्या सीटवर पोरं बसवतात आणि 'इथेच तर जायचंय' म्हणत पट्टा लावत नाहीत. ब्वालोला तो मिळालाच नव्हता. आपल्याला मिळालाय, लावा की राव!