दारीं आलेलें मांजर आणि कलावंताचें घर

कलावंताला स्फूर्ति कोठून मिळते, हा प्रश्न फार जुना आहे. पुष्कळांची समजूत अशी कीं, ती पर्वतशिखरांवर, समुद्राच्या गर्जनेंत किंवा एखाद्या असामान्य प्रसंगांत दडलेली असते. रोजच्या घरगुती व्यवहारांत तिला थारा नसतो. ही समजूत कितपत खरी आहे हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें सावंतवाडीच्या चितारआळींत जावें. तेथील कारागिरांनीं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडापासून आंबा, केळें, पेरू, वांगें, मिरची अशीं फळें व भाज्या घडविल्या, आणि त्यांवर रंग व रोगण असें चढविलें कीं, नवख्या पाहुण्यानें खरें फळ समजून हात पुढें करावा. ह्या कारागिरानें आपला नमुना कोणत्या दूरदेशाहून आणला? बाजारांतून घरीं आलेली टोपली हाच त्याचा नमुना. जें सर्वांस रोज दिसतें तेंच त्यानें नीट पाहिलें, एवढाच त्याचा विशेष.

कोंकणांतील घरांत असाच रोज दिसणारा, पण क्वचितच नीट पाहिला जाणारा आणखी एक जीव असतो. तो म्हणजे चुलीच्या उबेला अंगाचें वेटोळें करून निजणारें मांजर. त्यास कोणी विकत आणलेलें नसतें, आणि बहुधा कोणी बोलावलेलेंहि नसतें. पावसाळ्याच्या एखाद्या रात्रीं तें पडवींत येतें आणि तेथलेंच होऊन जातें. अशा आगंतुक, निराधार मांजराचा आणि मनुष्याच्या कलाव्यवसायाचा संबंध काय, हें इतिहासाच्या आधारें पाहणें मनोरंजक तर आहेच, पण बोधप्रदहि आहे.

गाईबैल मनुष्यानें माणसाळविले, घोडा पकडून वळणावर आणला. मांजर मात्र आपण होऊन आलें. मनुष्य शेती करूं लागला, धान्याचीं कोठारें भरूं लागलीं, त्या धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागून रानमांजर आलें. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका कबरींत मनुष्याच्या सांगाड्याशेजारींच मांजराचा सांगाडा सांपडल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. त्या बेटावर मांजर मूळचें नव्हतें. अर्थात् तें कोणीतरी होडींतून नेलेलें असलें पाहिजे. पुढें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून असें ठरलें कीं, जगांतील यच्चयावत् पाळीव मांजरें पश्चिम आशियांतील रानमांजराच्याच वंशांतलीं आहेत. प्राचीन मिसर देशांत त्यांस देवतेचा मान मिळाला, आणि गलबतांवरील उंदरांचा बंदोबस्त करण्याच्या निमित्तानें तीं समुद्रमार्गानें देशोदेशीं पसरलीं. सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीच्या रानांत गेलें, तर मांजराचे जंगलांतच राहिलेले भाऊबंद अजूनहि आहेत. घरांतल्या मांजराला आपण ‘वाघाची मावशी’ म्हणतों, तें नातें अगदींच विनोदाचें नाहीं.

आपल्या जुन्या वाङ्मयानें मात्र मांजराकडे संशयानेंच पाहिलें. तपस्व्याचें सोंग घेणारें मांजर महाभारतांत आहे, पंचतंत्रांतहि आहे; आणि महाबलिपुरम् येथील सातव्या शतकांतील प्रचंड शिलाशिल्पांत तर पुढचे पाय डोक्यावर उंचावून तप करणारें मांजर व त्याच्याभोंवतीं जमलेले उंदीर शिल्पकारानें मोठ्या मिस्किलपणानें कोरले आहेत. मराठी म्हणींतहि हाच सूर आहे. मांजर डोळे मिटून दूध पितें, आणि शिंक्याचें तुटलें कीं बोक्याचें फावतें. तथापि ह्या निंदेंतूनहि एक गोष्ट स्पष्ट होते. मांजराचें डोळे मिटणें, त्याचें दबा धरणें, त्याचें साळसूद बसणें हें ज्यानें घटका घटका न्याहाळलें असेल, त्यालाच तें असें दगडांत किंवा म्हणींत उतरवितां येईल. शान्तिपर्वांत भीष्मानें युधिष्ठिरास सांगितलेली पलित नांवाचा उंदीर व लोमश नांवाचें मांजर यांची कथा आहे. तींत जाळ्यांत सांपडलेलें मांजर आणि शत्रूंनीं वेढलेला उंदीर एकमेकांस आसरा देतात. आसरा देणारा आणि घेणारा ह्या दोघांचाहि त्यांत लाभ असतो, हें तत्त्व त्या कथेच्या मुळाशीं आहे.

निराधार जनावरांस आसरा देण्याची व्यवस्था आपल्याकडे पांजरपोळांच्या रूपानें पूर्वींपासून होती. मुंबईंतील पांजरपोळाचा जन्म तर एका दंग्यांतून झाला. १८३२ सालीं शहरांतील बेवारशी कुत्रे मारण्याची मोहीम सरकारनें उघडली व प्रत्येक कुत्र्यामागें इनाम ठेवलें. लोक संतापले, पारशी मंडळींनीं पुढाकार घेतला, दुकानें बंद पडलीं आणि लष्कर बोलवावें लागलें. त्यानंतर दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, सर जमशेटजी जीजीभाई व शेट मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें भुलेश्वराजवळ पांजरपोळ निघाला. पुढें १८७४ सालीं जनावरांचा छळ थांबविणारी संस्था मुंबईंत स्थापन झाली, आणि परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटीट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें. लंडन शहरांत मेरी टील्बी नांवाच्या बाईनें १८६० सालीं बेवारशी कुत्र्यांसाठीं असेंच आश्रयस्थान काढलें. तेव्हां कित्येकांनीं तिची थट्टा केली. १८८३ पासून तेथें मांजरांसहि जागा मिळूं लागली. ‘माणसें उपाशी असतां मांजरांचें कसलें कौतुक?’ हा प्रश्न तेव्हांहि विचारला जात असे व पुढेंहि विचारला जात राहिला. त्याचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां कांहीं माणसांच्या चरित्रांनींच द्यावें हें बरें.

अठराव्या शतकांत इंग्रजी भाषेचा प्रसिद्ध कोश रचणारा डॉक्टर जॉन्सन याच्या घरीं हॉज नांवाचें मांजर होतें. त्यासाठीं कालवें विकत आणावयास डॉक्टरसाहेब स्वतः बाजारांत जात. हें काम नोकरांवर टाकलें, तर त्यांच्या मनांत त्या मुक्या जीवाविषयीं अढी बसेल, अशी त्यांना भीति होती. चरित्रकार बॉस्वेलनें ही हकीकत टिपून ठेविली, आणि १९९७ सालीं लंडनमध्यें जॉन्सनच्या घरासमोर हॉजचा पुतळा बसविण्यांत आला. शब्दांच्या बारीक छटा पारखणाऱ्या ह्या विद्वानाला नोकराच्या मनाची छटाहि पारखतां येत होती.

दुसरें चरित्र अधिक करुण आहे. लुई वेन हा लंडनमधील एक होतकरू चित्रकार. १८८४ सालीं त्यानें एमिली नांवाच्या स्त्रीशीं विवाह केला. आणि थोडक्याच दिवसांत तिला कर्करोगानें गांठलें. त्याच सुमारास एक भटकें, काळेंपांढरें पिलू त्यांच्या घरीं आलें. त्याचें नांव त्यांनीं पीटर ठेविलें. अंथरुणास खिळलेल्या पत्नीची करमणूक व्हावी म्हणून वेन त्या पिलाचीं चित्रें काढूं लागला. हीं चित्रें प्रसिद्ध करावीं असा आग्रह तिनेंच धरला. १८८६ च्या नाताळांत एका सचित्र साप्ताहिकांत त्याच्या मांजरांच्या मेजवानीचीं चित्रें छापून आलीं आणि त्याचें नांव घरोघर झालें. परंतु १८८७ च्या आरंभींच एमिली वारली. पुढें वेनची मांजरें इंग्लंडांतील प्रत्येक बालवाडींत शिरलीं, पण व्यवहार न कळल्यामुळें तो कंगाल झाला, त्याचें मन बिघडलें आणि १९२४ सालीं त्याला गरिबांच्या वेड्यांच्या रुग्णालयांत ठेवावें लागलें. तो तेथें आहे हें समजतांच लोकांनीं वर्गणी जमवून त्याला चांगल्या ठिकाणीं हलविलें. शेवटचीं वर्षें त्यानें ज्या रुग्णालयांत काढलीं, तेथील बागेंत मांजरें होतीं. तीं पाहत व रंगवीत तो १९३९ सालीं निवर्तला. एका बेवारशी पिलास आसरा देणाऱ्या माणसाला शेवटीं समाजानेंहि आसरा दिला.

तिसरी गोष्ट जपानची. नात्सुमे सोसेकी हा इंग्रजीचा प्राध्यापक. सरकारनें त्याला १९०० सालीं लंडनला अभ्यासासाठीं पाठविलें. तेथें एकाकीपणा व दारिद्र्य यांनीं तो खचला आणि मायदेशीं परतल्यावरहि त्याचें मन ठिकाणावर नव्हतें. १९०४ च्या उन्हाळ्यांत एक भटकें पिलू त्याच्या घरांत शिरलें. त्याच्या पत्नीला मांजरें आवडत नसत. तिनें तें कितीदां तरी बाहेर टाकलें, पण तें पुन्हां पुन्हां आंत येई. तेव्हां सोसेकी म्हणाला कीं, एवढें यायचेंच असेल तर राहूं दे त्याला. त्याच पिलाच्या डोळ्यांनीं पाहिलेल्या एका शिक्षकाच्या घराची विनोदी हकीकत त्यानें लिहावयास घेतली. १९०५ च्या जानेवारींत तिचा पहिला भाग एका मासिकांत आला आणि सोसेकी एकदम जपानचा थोर लेखक म्हणून मान्यता पावला. ‘मी मांजर आहें’ अशा अर्थाच्या नांवाचा तो ग्रंथ. नवल हें कीं, ग्रंथांतल्या मांजरालाहि नांव नव्हतें आणि घरांतल्या मांजरालाहि नव्हतें. १९०८ च्या सप्टेंबरांत तें मेलें, तेव्हां सोसेकीनें आपल्या स्नेह्यांस मृत्यूचीं पत्रें धाडलीं आणि त्यास बागेंत पुरून वर खूण उभारली.

ह्या तिन्ही उदाहरणांवरून मांजरांत कांहीं गूढ शक्ति असते असें अनुमान काढणें चुकीचें होईल. मांजर कोणालाहि कवि करीत नाहीं. तें फक्त रोज, ठराविक वेळीं, समोर येऊन बसतें. त्यास भाषण नको, कीर्ति नको, धन्याच्या दुःखाचें निदानहि नको. वेळच्या वेळीं अन्न व बसावयास कोपरा एवढेंच हवें. ज्याचें मन स्वतःच्याच व्यथेभोंवतीं फिरत असतें, त्याला असा एक जीव दिवसांतून चारदां स्वतःबाहेर ओढून काढतो. मग तो त्याच्या कानांची हालचाल पाहूं लागतो, उन्हाचा तुकडा सरकला म्हणजे मांजर कसें सरकतें हें पाहूं लागतो. ज्याला स्फूर्ति म्हणून आपण डोक्यावर घेतों, तिचा मोठा भाग ह्या सवयीचाच असतो.

सावंतवाडीच्या कलेचा इतिहासहि ह्याच दिशेनें जातो. तेथील दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा, अशीं एकशेंवीस गोल पानें. चिंचोक्याच्या खळीनें थरावर थर चिकटवावयाचे, खडूचा लेप द्यावयाचा, घोटावयाचें, बारीक कुंचल्यानें मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह रंगवावयाचे आणि वर लाख द्यावयाची. छापील पत्ते आले आणि हा खेळ मागें पडला. खेळ मागें पडतांच चिताऱ्यांची कलाहि निराधार झाली. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, आणि तिचा उरलासुरला राजाश्रयहि गेला. १९७० नंतरच्या दशकांत शिवरामराजे भोंसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं जुन्या चिताऱ्याकडून ती विद्या स्वतः शिकून घेतली, राजवाड्याच्या दिवाणखान्यांत कारागिरांस बसविलें आणि तिला पुन्हां उभें केलें. दारीं आलेल्या निराधारास बाहेर न घालवितां घरांत जागा देण्याचाच हाहि एक प्रकार होता. आणि त्या घराला त्याचा मोबदला कीर्तीच्या रूपानें मिळाला.

म्हणून ज्या घरांत कोणी लिहितो, रंगवितो किंवा गातो, त्या घरानें दारीं आलेल्या मांजराकडे केवळ दुधाचा चोर म्हणून पाहूं नये. ह्या देशांत जनावरांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालीं झाला; परंतु कायदा मारणाऱ्याचा हात फार तर अडवील, कोपरा मात्र देऊं शकणार नाहीं. तो घरानेंच द्यावयाचा असतो. त्याबरोबर लस, औषधपाणी आणि पिलांची बेसुमार वाढ होऊं न देण्याची दक्षता हीं कर्तव्येंहि येतात, आणि तीं वर्षानुवर्षें पाळावीं लागतात. त्यांतून प्रत्येक घरीं सोसेकी निपजेल असें नाहीं. पण जो माणूस एका मुक्या जीवाला रोज नीट पाहूं लागला, तो टोपलींतल्या आंब्याला, शेजाऱ्याच्या चेहऱ्याला आणि आपल्या माणसांच्या दुःखालाहि थोडें अधिक नीट पाहूं लागतो. आणि कोणत्याहि कलेला आरंभीं एवढीच सामग्री पुरेशी असते.