मूठ

गेल्या महिन्यात उजव्या हाताचं प्लास्टर निघालं. (अंगणात पाय कसा घसरला आणि मनगट कसं मोडलं ते घरच्या सगळ्यांनी फोनवर चार-चारदा ऐकलंय, त्यामुळे इथे पुन्हा नको!) वाटलं होतं, प्लास्टर निघालं की सुटले. कसलं काय! सहा आठवड्यांत बोटं अशी आखडली होती की मूठ मिटेना. फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम दिले तेही इतके साधे, की मला रागच आला. कोमट पाण्यात हात बुडवून बोटं उघडा-मिटा, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावा, मऊ चेंडू दाबा.. बस्स, एवढंच?

वेळ होता, म्हणून हाताच्या व्यायामांबद्दल वाचत सुटले आणि पोचले थेट वेल्लोरला.

पॉल ब्रँड. जन्म १९१४, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत, मिशनरी आईवडिलांच्या पोटी. आधी सुतारकाम-बांधकाम शिकला, मग लंडनला डॉक्टर झाला आणि १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. पुढच्या वर्षी चेंगलपट्टूच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्याने एका रुग्णाला आपला हात दाबायला सांगितलं. वाकड्या, निकामी दिसणाऱ्या त्या बोटांत जोर कुठला असणार? पण हात असा काही आवळला गेला की डॉक्टरच कळवळला.

त्या कळीतून त्याला उमगलं, की हात मेलेला नाही! या रोगात कोपराजवळची नस बधिर होते आणि तळहातातले छोटे स्नायू लुळे पडतात. कोपराखालचे मोठे स्नायू मात्र शाबूत असतात. ते ओढत राहतात आणि बोटं पंजासारखी वळतात. मग चांगल्या स्नायूचा एक कंडरा तिथून काढून बोटांना जोडला तर? त्या काळी कुष्ठरोग्याच्या जखमा भरतच नाहीत अशी समजूत होती. ब्रँडने करून दाखवलं.

पण मला त्यातलं खरं नवल वाटलं ते शस्त्रक्रियेच्या आधीचं आणि नंतरचं. आधी आखडलेले सांधे रोज थोडेथोडे सरळ करायचे, कारण ताठर सांध्याला नवा कंडरा काय हलवणार? नंतर प्लास्टर, आणि ते निघाल्यावर मेंदूची शाळा. काल मनगट हलवणारा स्नायू आज बोट हलवणार, हे मेंदूला कुठे ठाऊक? रुग्णाने मनात मनगट वळवायचं आणि बोट हलताना बघायचं. पुन्हा, पुन्हा, रोज. पुण्याजवळ कोंढव्याला डॉ. नोशिर अँटियांनीही कुष्ठरुग्णांवर अशा शस्त्रक्रिया केल्या.

आता औषधांनी जंतू मरतात, पण गेलेली नस बहुधा परत येत नाही. म्हणून आजही रुग्णांना शिकवतात, की हात पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं, मग हात मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने वाकडी बोटं हळूहळू सरळ करायची. त्यासाठी ना यंत्र लागतं ना पैसा. बधिर हाताला जखम कळत नाही, म्हणून रोज डोळ्यांनी तपासायचंही. बोटं 'झडतात' ती रोगाने मांस सडतं म्हणून नव्हे, तर न कळलेल्या भाजण्या-कापण्यांमुळे.

हे वाचलं आणि हातातला चेंडू तसाच राहिला. लहानपणी आमच्या दारात गुरुवारी एक आजोबा यायचे. बोटं अशीच आत वळलेली. आजी वरून, लांबूनच त्यांच्या डब्यात भाकरी टाकायची आणि आम्हा मुलांना आत ढकलायची. बोटं कशी गळून पडतात याच्या गोष्टी सांगून आम्ही एकमेकांना घाबरवायचो. त्यांचं नाव कधी कुणी विचारलं नाही. आजीला दोष देत नाही, तिला जे ठाऊक होतं तसं ती वागली. पण तेव्हाच वेल्लोरला कुणीतरी अशाच माणसाचा हात हातात घेऊन त्याला मूठ मिटायला शिकवत होतं, हे आता मनातून जात नाही.

असो. काल मूठ जवळजवळ मिटली. करंगळी अजून रुसलेली आहे. आता पाण्यात हात बुडवताना कुरकुर करत नाही. मला दुखतंय, म्हणजे माझ्या हाताला कळतंय.. हेही थोडं नाही.